निकाली म्हणजे काय?

आज एक आजी आमचंच पत्र घेऊन ऑफिसात आल्या. वारस नोंदीचं. "साहेब, निकाल लागला ना?" चेहरा खुललेला.

पत्रात होतं, "सदर प्रकरणी विहित मुदतीत कागदपत्रांची पूर्तता न केल्यास प्रकरण निकाली काढण्यात येईल." त्यांनी 'निकाली' एवढंच धरलं होतं. मुदतीचे चारच दिवस उरलेले. पोटात कालवलं.

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा. कारभार मराठीत आला, पण ही मराठी आजींची नाही.

दुपारी मसुदाच बदलला: "मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची नावं १५ दिवसांत आणून द्या. न दिल्यास अर्ज बंद होईल." शिपाईकाकांना वाचायला दिला. एका दमात वाचून म्हणाले, "आता समजलं."

आजी उद्या दाखला घेऊन येणार आहेत.