दख्खनच्या शिंपल्याची ओळख बिजागरीत असते

युनिओ डेक्कनेन्सिस हा आज नामशेष झालेला गोड्या पाण्यातला शिंपला. माल्कमसन या संग्राहकाने दख्खनच्या पूर्व भागात गोळा केलेल्या जीवाश्मांवरून सोवर्बी या अभ्यासकाने 1840 मध्ये त्याला हे नाव दिले. पुढे 1860 मध्ये नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप यांनी याच दगडांतून युनिओच्या आणखी काही जाती नोंदवल्या. दोन लाव्हाप्रवाहांच्या मधल्या काळात साचलेल्या तळ्यांच्या या गाळाला इंटरट्रॅपियन थर म्हणतात. त्यांचे वय साधारण 6.6 कोटी वर्षे.

या गटात बाहेरच्या आकारावर फार विसंबू नये. संथ पाणी, प्रवाहाची ओढ, तळाची माती यांप्रमाणे एकाच जातीचे शिंपले लांबट किंवा फुगीर होतात. त्यात वरच्या थरांच्या दाबाने चपटलेला नमुना तर सरळ दुसरी जात वाटतो. खात्रीची जागा म्हणजे बिजागरी, म्हणजे शिंपल्याच्या दोन झडपा (अर्धे भाग) एकमेकींत अडकतात ती कड. युनिओसारख्या शिंपल्यांत डाव्या झडपेवर पुढे दोन जाडसर दात आणि मागे दोन लांब पट्ट्या असतात, उजव्या झडपेवर सहसा एकेक. डावी-उजवी ठरवायला ककुद (झडपेचा बिजागरीजवळचा उंचवटा) वर आणि त्याच्या मागचा बंध (झडपा जोडणारा पट्टा) स्वतःकडे धरायचा.

म्हणून तुकडा हाती आला की आधी पाहायचे, खरा शिंपला उरलाय की नुसता साचा, म्हणजे दगडात उरलेला त्याचा आकार. शिंपला मुळात अ‍ॅरागोनाइट या चुनखनिजाचा, आणि ते सहज विरघळते. शिंपला असेल तर फुटक्या कडेवर 10 टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचा एकच थेंब टाका. फसफसला तर तो चुनखडीचा, अशा नमुन्याला आम्लात बुडवायचे नाही, सुईनेच साफ करायचे. मात्र थेंब भोवतालच्या चुनखडीवर ओघळला तरी फसफसतो आणि निष्कर्ष चुकतो, तेव्हा भिंगातून पाहूनच टाका. शिंपल्याची सिलिका झालेली असेल आणि भोवताली चुनखडी असेल, तर 5 टक्के अ‍ॅसेटिक आम्लात दगड हळूहळू विरघळतो. नंतर जितका वेळ आम्लात तितकाच, शक्यतो जास्त वेळ साध्या पाण्यात ठेवा. नाहीतर वाळताना क्षारांचे स्फटिक वाढतात आणि दातच तडकतात. सिलिका फक्त बाहेरच्या थरापर्यंतच पोचलेली असेल तर आतला भाग आम्लात जातो. तेव्हा आधी एका फुटक्या तुकड्यावर प्रयोग करा.

सर्वांत मोठे नुकसान साच्यांचे होते. शिंपला विरघळून गेला की आतल्या गाळाचा गुळगुळीत गोळा सुटून येतो. दिसायला तो देखणा असतो, म्हणून तेवढाच उचलला जातो आणि बाहेरचा अर्धा दगड तिथेच राहतो. पण वाढीच्या रेषा आणि ककुदावरची नक्षी त्या फेकलेल्या दगडातच उमटलेली असते! दातांच्या जागी आतल्या साच्याच्या वरच्या कडेला खाचा उरतात. त्यांवर सिलिकॉन रबराचा आधी अगदी पातळ थर ब्रशने लावा, बुडबुडे अडकू देऊ नका, मग जाड थर. सुटून आलेल्या ठशावर दात उंचावलेले दिसतात. दगड भुसभुशीत असेल तर त्याआधी अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवलेल्या 5 टक्के पॅरालॉइड बी-72 या अ‍ॅक्रिलिक राळेने तो पक्का करून घ्या.

आतला साचा आणि बाहेरचा दगड, दोन्ही तुकड्यांना एकच क्रमांक द्या, तोही जागेवरच. डब्यात एकदा मिसळले की कुठला साचा कुठल्या दगडाचा, हे जुळवणे फार अवघड जाते.