नोव्हेंबरचा कागद

२ नोव्हेंबर, आम्हा कॅथलिकांचा मृतांच्या स्मरणाचा दिवस, यंदा रविवारीच आला. वसईला असते तर संध्याकाळी भावाबरोबर दफनभूमीत गेले असते. आदल्या दिवशी घासूनपुसून ठेवलेली आईबाबांची कबर, झेंडूच्या माळा, वाऱ्याने विझणाऱ्या आणि पुन्हा पेटवायच्या मेणबत्त्या, रांगेरांगेने पवित्र पाणी शिंपडत येणारे फादर. इथे इंग्लंडमध्ये, स्विंडनला, त्या दिवशी पाच वाजायच्या आत अंधार पडतो आणि दफनभूमीत चिटपाखरू नसतं.

पण आमच्या चर्चची एक पद्धत मला फार जवळची वाटते. ऑक्टोबर संपता संपता दाराशी पाकिटं ठेवलेली असतात. आपल्या गेलेल्या माणसांची नावं कागदावर लिहायची आणि पाकीट वेदीजवळच्या टोपलीत ठेवायचं. नोव्हेंबरभर त्या सगळ्यांसाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधला प्रार्थनाविधी, होतो. पहिल्या वर्षी मी दोन नावं लिहिली होती. यंदा नऊ झाली. चौदा वर्षांत सात अंत्यविधी मी फोनच्या पडद्यावर पाहिले, त्यातला एक आईचा.

पुढच्या रविवारी, ९ तारखेला, युद्धात गेलेल्यांचं स्मरण होतं. सगळ्यांच्या कोटावर लाल कागदी पॉपीचं फूल. पहिलं महायुद्ध ११ नोव्हेंबर १९१८ला अकरा वाजता थांबलं, आणि १९१९पासून या देशात दोन मिनिटं स्तब्ध उभं राहतात. आमच्या धर्मग्रामातून (पॅरिशमधून) युद्धात गेलेल्या पोरांची नावं भिंतीवरच्या फलकावरून मोठ्याने वाचली जातात. त्या शांततेत मला माणगावचे नाईक यशवंत घाडगे आठवतात. १० जुलै १९४४ला, बावीसाव्या वर्षी, इटलीत ते पडले आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर कुठे आहे हे ठाऊक नाही. कसिनोच्या स्मारकावर नाव तेवढं कोरलेलं आहे.

त्या दिवशी मिस्सानंतर हॉलमध्ये चहा होता, आणि टेबलावर दुसराच एक कागद. या वेळचं नाव स्वतःचं. मिस्सात कोणतं वाचन हवं, कोणती गीतं, दफन की दहन, कोणाला कळवायचं. एक प्रत घरी, एक चर्चच्या कचेरीत. माझ्या शेजारी बसलेल्या शहाऐंशी वर्षांच्या आजींनी आपला कागद कधीच भरला होता. तो त्या स्वयंपाकघरातल्या खणात ठेवतात आणि मुलीला खण दाखवून ठेवलाय. हे सांगताना त्यांनी माझ्यापुढे बिस्किटांची ताटली सरकवली.

मला मात्र लिहायला हात उचलेना. आपल्याकडे जिवंत माणसाने असं काही बोललं की आई म्हणायची, ‘शुभ बोल गं.’ आणि आपल्याला गरजही पडत नाही. वसईत घंटा वाजली की गाव धावतं. शवपेटी, खड्डा, चहा, गाणी, सगळं कोणीतरी हाती घेतं, बहुधा दुसऱ्या दिवशीच माती होते. इथे दोन-तीन आठवडे थांबावं लागतं. कबरीची जागाही बहुतेक ठिकाणी कायमची मिळत नाही. ठरावीक वर्षांचा हक्क घ्यायचा. आणि मी बेशुद्ध पडले तर उपचारांचा निर्णय नवरा आपोआप घेऊ शकत नाही. त्यासाठी शुद्धीत असतानाच मुखत्यारपत्र करून, सरकारकडे नोंदवून ठेवावं लागतं. हे त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं. बाहेर राहणाऱ्या आपल्या लोकांनी हे आजच करावं असं मला कळकळीने वाटतं. वसईतल्यांनीही करावं, ज्यांच्या खांद्यावर आपण जायचं ती मुलं आता कॅनडात नाहीतर ऑस्ट्रेलियात आहेत.

घरी येऊन सगळं भरलं. दफन लिहिलं, वाचन लिहिलं. गीतांच्या रकान्यापाशी अडले. मला हवं होतं आईला नेताना म्हटलेलं मराठी गीत, आणि ते इथे कोण म्हणणार? इथल्या गायनवृंदात गोव्याच्या चौघीजणी आहेत. त्यांना विचारलं तर एक म्हणाली, ‘चाल दी, आमी म्हणटलीं.’

भावाने रात्री फोनवर गाऊन पाठवलं. दुसऱ्या कडव्यात त्याचा आवाज थांबतो, मग पुढे जातो. शब्द मी रोमन लिपीत उतरवून काढले आणि कागदाला टाचले.