गोधडीला जॉर्जेट चालत नाही

हल्ली गोधडी शिवायची म्हटलं की आधी अडतं ते कपड्यांपाशी. कपाट उघडावं तर जॉर्जेट, शिफॉन नाहीतर ते चकचकीत आर्ट सिल्क, आणि असली साडी पोटात घातली की थर एकमेकांवरून सरकतात, घाम टिपला जात नाही, रात्री उकडून जीव जातो. गोधडीला हवं धुऊन धुऊन मऊ पडलेलं सुती कापड. आजीच्या पिढीत नऊवारी लुगडी, धोतरं होती म्हणून गाठोडं आपोआप भरायचं. आता आम्ही सुती बेडशीटं, ओढण्या, लुंग्या राखून ठेवतो, बोहारीण कितीही छान पातेलं दाखवू दे, सुती साडी द्यायची नाही म्हणजे नाही!

शिवणं म्हणजे धावदोराच, पण सोपं नाही हो. खाली-वर अख्खं लुगडं, मधे जुन्याचे थर, कोपऱ्यांवर वरवंटा नाहीतर पाट ठेवून ताणून घ्यायचं, कच्चे टाके मारायचे आणि मग कडेपासून गोल गोल आत यायचं. दर ओळीला तळहात फिरवून चुणी मोडावी लागते नाहीतर सगळं कापड मधे गोळा होतं. टाका बारीकच हवा, लांब टाक्यात झोपेत पायाची बोटं अडकतात आणि दोरा तटकन तुटतो. बंगालचा कांथा किंवा उत्तर कर्नाटकातली कौदी बघा, तिथेही जुनं कापड आणि हाच टाका. मशीनवर शिवून आत पॉलिस्टर भरलेल्या 'गोधड्या' ऑनलाइन मिळतात, दिसायला गोड, बाळाच्या फोटोशूटला ठीक आहेत.

खरी कसोटी धुण्यात. नवरात्राआधी घरातल्या झाडून सगळ्या गोधड्या निघतात. गावी नदीवर नेऊन धोपटणं, मग दोघींनी दोन टोकं धरून उलटसुलट पिळणं, कारण भिजलेली गोधडी एकीला उचलतच नाही. फ्लॅटमध्ये ती मशीनला घातली तर मधले थर नीट भिजत नाहीत आणि स्पिनला मशीन थडथडत बाथरूमभर फिरायला लागतं. त्यापेक्षा टबात पायाने तुडवलेली बरी. वाळवताना वरून कोरडी लागली तरी फसायचं नाही, आत ओल राहते आणि मग जो कुबट वास बसतो तो पुढच्या धुण्यापर्यंत जात नाही. गच्चीच्या कठड्यावर दोन्ही बाजूंनी कडक ऊन द्यायचं. ठेवताना मधे कडुनिंबाचा पाला, डांबरगोळीच्या वासात मला तरी झोप येत नाही.

विरली की ठिगळ लावायचं आणि ठिगळाच्याही पलीकडे गेली की ती अख्खीच नव्या गोधडीच्या पोटात जाते. आमच्याकडच्या सगळ्यात जड गोधडीत आत कुणाचं लुगडं आहे यावर आई आणि आत्याचं अजून एकमत नाही, आणि उसवून बघू म्हटलं की दोघी एकदम ओरडतात.