जॉर्ज, ३० एप्रिल २००२

समाजवादी कामगारनेते जॉर्ज फर्नांडिस यांच्याविषयीचा आदर आमच्या घरात वारशाने आला. १९६७ मध्ये दक्षिण मुंबईत त्यांनी काँग्रेसचे मातब्बर नेते स. का. पाटलांना हरवले, १९७४ च्या मे महिन्यात देशभरातील रेल्वे थांबवली, आणि १९७७ मध्ये तुरुंगात असतानाच मुझफ्फरपूरमधून तीन लाखांहून अधिक मतांनी ते निवडून आले. बेड्या घातलेला हात उंचावलेले त्यांचे छायाचित्र वडिलांनी वर्तमानपत्रातून कापून भिंतीवर लावले होते. घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते त्याची हकीकत सांगत.

पहिला तडा १९७९ च्या जुलैमध्ये गेला. यशवंतराव चव्हाणांच्या अविश्वास ठरावावर बोलताना जॉर्जनी, ते स्वतः मंत्री असलेल्या, मोरारजी देसाईंच्या जनता पक्ष सरकारची जोरदार पाठराखण केली आणि दोन-तीन दिवसांतच ते त्याच सरकारमधून बाहेर पडले. मित्रांचा दबाव होता, समाजवाद्यांची फाटाफूट होती, असे समजावत वडिलांनी ते पचवले. पुढे, ज्या जनसंघीयांच्या दुहेरी सदस्यत्वावरून (जनता पक्षाबरोबरच राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचेही) समाजवाद्यांनी जनता पक्षात रान उठवले होते, त्यांच्याच नव्या पक्षाशी, भाजपशी, जॉर्ज यांच्या समता पक्षाने युती केली, तेव्हाही काँग्रेसविरोध हीच त्यांची आयुष्यभराची दिशा आहे, असा युक्तिवाद मी स्वतः अनेकांपुढे केला होता. तो युक्तिवाद आजही मला सर्वस्वी खोटा वाटत नाही, कारण आणीबाणीत ज्याच्या सख्ख्या भावाचा पोलीस कोठडीत छळ झाला, त्याच्या मनातील तो विरोध वरवरचा असणे शक्यच नव्हते.

पण गुजरातमधील दंगलींवरील लोकसभेतील चर्चेत, ३० एप्रिल २००२ रोजी, ते जे बोलले त्याला माझ्याकडे कोणतेही समर्थन उरले नाही. गर्भवती स्त्रियांवरील अत्याचारांचा उल्लेख होताच, असे या देशात पहिल्यांदाच घडत नाही, १९८४ मध्ये दिल्लीतही घडले होते, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. मार्चच्या सुरुवातीला संरक्षणमंत्री म्हणून ते अहमदाबादेत गेले होते. जळालेले शहर त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. १९८४ चे शिखांचे हत्याकांड विसरू नये, हे खरेच. परंतु एका हत्याकांडाची आठवण दुसऱ्याची तीव्रता कमी करण्यासाठी वापरली जाते, तेव्हा दोन्हीकडच्या मृतांवर अन्याय होतो. आणि हे कोण बोलत होते? मुंबईच्या गोदी कामगारांना, टॅक्सीचालकांना, महापालिकेच्या सफाई कामगारांना ‘तुमचे दुःख नेहमीचे आहे’ हे उत्तर कधीही स्वीकारू नका, असे शिकवणारा माणूस.

सत्तेसाठी ते बदलले, असे अनेक जण म्हणतात. मला ते पुरेसे वाटत नाही, कारण त्यांची राहणी अखेरपर्यंत साधीच राहिली आणि सियाचीनच्या बर्फात जवानांना भेटायला ते वारंवार जात राहिले. माझ्या मते काँग्रेसविरोध हे त्यांच्यासाठी आधी साधन होते, नंतर तेच साध्य झाले; आणि मग त्या विरोधात सोबत असलेल्यांना प्रश्न विचारण्याची त्यांची सवयच सुटली. कोकण रेल्वेने गावी जाताना, ती प्रत्यक्षात आणण्यासाठी झटलेल्या त्यांचे आणि मधू दंडवत्यांचे ऋण मी आजही मानतो. त्या भाषणाबद्दल मात्र मी त्यांना क्षमा करू शकलेलो नाही.