तुम्ही विचारलंत म्हणून: किराणा एवढ्यात कसा भागतो?

"वहिनी, महिन्याचा किराणा एवढ्यात कसा भागवता?" भिशीत विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात. काहींना खरंच शिकायचं असतं. काहींच्या आवाजात मात्र घरच्यांना पोटभर मिळतं का, अशी शंका असते. मिळतं. नेहमीच मिळालं. हे आधी सांगून टाकते.

माझं उत्तर ऐकून बहुतेकींची निराशा होते: हातात एकरकमी पैसे असावे लागतात. चैत्र-वैशाखात नवा गहू येतो तेव्हा वर्षाचा भरायचा. शरबतीचा हट्ट सोडून लोकवन घ्यायचा, गच्चीवर ऊन दाखवायचं, कडुनिंबाचा पाला घालून कोठी बंद करायची. पण आठवड्याला पाच किलो पीठ आणणारीने एवढे पैसे एकदम आणायचे कुठून? एप्रिलचा नंबर मला द्या म्हणून मी भिशीत दरवर्षी भांडले आहे. जिला तेही जमत नाही तिला "नीट नियोजन करा" म्हणून ऐकवणं मला निर्दयपणाचं वाटतं.

बाकीचं तुम्हाला माहीतच आहे. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या धान्या-डाळींवर 5 टक्के जीएसटी बसला, सुट्या मालावर नाही. म्हणून मी इंदूरच्या सियागंजातून, म्हणजे घाऊक बाजारातून, सुटं आणते. तेलाच्या पिशवीवरचं वजन वाचते. लिटरभर सोयातेल साधारण 910 ग्रॅम भरतं, आणि तेवढीच दिसणारी पिशवी कधी 800 ग्रॅमची निघते.

पण लोकांना खरं विचारायचं असतं ते तुरीचं. आमच्या नातलगांत ती गोष्ट अजून फिरते, तर माझ्याकडूनही ऐका.

2014 आणि 2015, लागोपाठ दोन वर्षं पाऊस कमी झाला आणि 2015च्या दिवाळीआधी तूरडाळ किलोला दोनशेवर गेली. मुलाच्या क्लासच्या फीचा हप्ता तेव्हाच भरायचा होता. मी सासऱ्यांना सांगितलं, "नाना, आता काही महिने वरण मुगाचं." ते "चालेल" म्हणाले. लपवून काही केलं नाही. पण साधं वरण, तूप, लिंबू यावर ज्यांचं जेवण व्हायचं, ते नाना त्यानंतर भात ताकाशी कालवायला लागले. वाटी तशीच राहायची. मी रोज वाढत राहिले, ते रोज "नातवाला दे" म्हणत राहिले. दोघांपैकी कोणीही त्यावर एक शब्द बोललं नाही.

भाऊबीजेला नणंद आली. सकाळी पोह्यांवर शेव पाहिली, दुपारी नानांची वाटी पाहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "वहिनी, शेव येते आणि नानांच्या वरणावर कात्री? तीनशे रुपयांसाठी?"

तीनशेच होते, तिचा हिशेब बरोबर होता. पण ते तीनशे, दुधातले दोनशे, भाजीतले दीडशे, असं मिळूनच हप्ता उभा राहत होता. त्यातलं प्रत्येक कलम वेगळं काढलं तर क्षुल्लकच दिसणार. आणि शेव बेसनाची, हरभऱ्याची. हरभरा तुरीच्या निम्म्याने होता. हे मी तेव्हा बोलले नाही. नाना बोलले: "माझ्या पोटाला मूगच बरे." त्यांनी मला वाचवलं, आणि तेच मला जास्त लागलं.

तेव्हाची मी म्हणायची, घर चालवायचं तर नियम सगळ्यांना सारखा. आज वाटतं, ऐंशीच्या माणसाला सारखा नियम कशाला? एकट्या नानांपुरती पाव किलो तूर आणता आली असती. मग लगेच आठवतं, त्याच ताटात नातवाने ती मागितली असती, आणि त्याला नाही म्हणायला मीच उरले असते. नाना जाऊनही आता वर्षं झाली. माझं मत दर काही महिन्यांनी फिरतं.

आता सूनबाई म्हणते, "आई, ऊन दाखवणं, निवडणं, सियागंजच्या गर्दीत उभं राहणं, या तुमच्या वेळेचे पैसे हिशेबात कुठे धरलेत?" धरलेले नाहीत. माझ्या आईनेही धरले नव्हते. सूनबाईचं म्हणणं मला खोडता येत नाही, पण दहा मिनिटांत दारात येणारं पाकीट घ्यायला हात पुढे होत नाही. येत्या एप्रिलात गहू आणायचा की नाही, यावर आमचं अजून एकमत नाही.