दिसायला एकच, पण जॉइन होईना: क्यूजीआयएसच्या एक्स्प्रेशनशी माझी झटापट

मी एका छोट्या संस्थेत विहिरींच्या सर्व्हेचं काम बघते. काम सोपं वाटलेलं, कार्यकर्त्यांनी भरलेली तालुकावार एक्सेल शीट घ्यायची, क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये महाराष्ट्राच्या तालुक्यांच्या लेयरला, म्हणजे नकाशाच्या थराला, जोडायची (यालाच जॉइन म्हणतात) आणि नकाशा रंगवून द्यायचा. शुक्रवारी दुपारी बसले, म्हटलं चहाच्या आत उरकेल. बुधवारी उरकलं.

लेयर होता २०११ च्या जनगणनेचा. त्यात तालुक्याचा कोड पाच आकडी आणि सुरुवात शून्याने. शीटमध्ये निम्म्या ओळींना कोड होते, पण एक्सेलने सवयीप्रमाणे पुढचं शून्य खाल्लेलं, त्यामुळे चारच आकडे. हे एक्स्प्रेशनमधल्या, म्हणजे कॉलम भरायच्या सूत्रातल्या, एल-पॅड फंक्शनने सुटलं, पाच अक्षरं होईपर्यंत पुढे शून्य लाव म्हणायचं, झालं. उरलेल्या ओळींना कोडच नव्हता, तिथे नावावरूनच जुळवणं भाग होतं, आणि खरं रामायण तिथून सुरू झालं.

आधी माझाच वेंधळेपणा सांगते. क्यूजीआयएसमध्ये कॉलमचं नाव डबल कोट्समध्ये आणि साधा मजकूर सिंगल कोट्समध्ये लिहायचा असतो. मी 'तालुका' असं सिंगलमध्ये लिहून ओके दाबलं आणि अख्ख्या कॉलममध्ये वरपासून खालपर्यंत "तालुका तालुका तालुका". शेजारी बसणारे दादा म्हणाले, अगं निदान सगळीकडे सारखं तरी भरलंय.

नुसत्या तालुक्याच्या नावावर जोडून भागत नाही हेही लगेच कळलं, कारण कर्जत रायगडमध्ये आहे तसं नगरकडेही आहे, खेड पुण्यात आहे आणि रत्नागिरीतही, आणि साधा जॉइन जुळणाऱ्यांपैकी कुठला तरी एकच घेऊन मोकळा होतो, एररबिरर काही देत नाही. म्हणून जिल्हा आणि तालुका मिळून एक चावी करायची ठरवली, मध्ये दोन उभ्या रेघा टाकून दोन्ही कॉलम जोडले. तर शीटमधल्या ज्या ओळीत जिल्हा रिकामा तिथे चावीच रिकामी, तालुक्यासकट! त्या रेघांच्या एका बाजूला नल, म्हणजे काहीच न भरलेलं, असेल तर उत्तरही नलच येतं. कॉनकॅट हे मजकूर जोडायचं फंक्शन वापरलं तर नल म्हणजे रिकामी जागा धरली जाते. पण मी मुद्दाम रेघाच ठेवल्या, अर्धवट चावी बनण्यापेक्षा ओळ रिकामी दिसलेली बरी, निदान शोधून हाताने भरता येते.

मग जिल्ह्यांची नावं. जनगणनेत ३५ जिल्हे, आता ३६, कारण १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला. शीटमध्ये लोकांनी आजची नावं लिहिलेली, धाराशिव, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर, आणि लेयर जुन्यातच. नाव बदललेल्यांसाठी मॅप-गेट, म्हणजे जोड्यांच्या यादीतून शोधून देणारं फंक्शन, वापरलं, जिल्ह्याचा कोड दिला की नवं नाव मिळतं आणि कोड यादीत नसेल तर कोअलेसने (रिकामं आलं तर पुढचं घेणारं फंक्शन) जुनंच राहू द्यायचं. पालघरसाठी मात्र केस व्हेन, म्हणजे अट: जिल्ह्याचा कोड ५१७ (जुना ठाणे) असेल आणि तालुका पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा, विक्रमगड यापैकी असेल तर 'पालघर'. पहिल्या वेळी एल्स, म्हणजे अट न जुळल्यास काय भरायचं ते, लिहायला विसरले. खाली प्रीव्ह्यू दिसतो तो एकाच ओळीचा असतो, माझ्या नशिबाने तिथे डहाणू होतं, त्यामुळे मी खूश, आणि रन केल्यावर हे आठ तालुके सोडून बाकी अख्खा महाराष्ट्र रिकामा.

बरं झालं हे सगळं मूळ लेयरवर करत नव्हते. प्रोसेसिंग टूलबॉक्समध्ये रिफॅक्टर फील्ड्स म्हणून टूल आहे, त्यात प्रत्येक कॉलमसमोर एक्स्प्रेशन, नवं नाव, टाइप सगळं एका तक्त्यात लिहिता येतं आणि निकाल नव्या लेयरमध्ये पडतो. तो शेपफाइल या जुन्या फाइल प्रकारात काढू नका, कॉलमचं नाव दहा अक्षरांत कापलं जातं. मी जिओपॅकेज हा दुसरा फाइल प्रकार घेतला.

विहिरींच्या आकड्यांत काहींनी मराठी अंक टाइप केलेले, ते टू-इंट या मजकुराचा आकडा करणाऱ्या फंक्शनला पचेनात. रिप्लेस या अक्षरं बदलणाऱ्या फंक्शनला अख्खा मॅप, म्हणजे जुन्या-नव्या जोड्यांची यादी, देता येतो हे तेव्हा कळलं, '०' चा '0', '१' चा '1' असे दहाही अंक एका फटक्यात.

एवढं करून सगळं जुळलं, सातारा जिल्ह्यातला एक तालुका सोडून. कऱ्हाड. दोन्हीकडे कऱ्हाड, पुढची-मागची मोकळी जागा ट्रिम करून झाली, मोठं करून बघितलं, स्क्रीनला नाक लावून बघितलं, अक्षरात तसूभर फरक नाही. शेवटी वैतागून दोन्हीकडे लेंग्थ, म्हणजे अक्षरसंख्या, काढली. एकीकडे ६, एकीकडे ७! मग डोक्यात प्रकाश पडला. एकाने ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून टाइप केलेलं, दुसऱ्याने साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक, ज्याचा युनिकोड नंबर ८२०५. मी रिप्लेसने नुसता तो जोडक काढून टाकला तर झालं "कर्हाड", म्हणजे रफार ह वर चढून बसला आणि जुळणी तरीही नाही. र, हलन्त आणि कॅर(८२०५), म्हणजे तोच जोडक, या तिघांना एकत्र पकडून त्यांच्या जागी ऱ आणि हलन्त घातला तेव्हा कुठे सातारा पूर्ण रंगला.

नकाशा पाठवला. पुढच्या महिन्याची शीट आली त्यात त्याच कार्यकर्त्याने "कराड" लिहिलंय. रिप्लेसच्या मॅपमध्ये अजून एक जोडी वाढवली.