खानापूरचं मत १३१, चंदगडचं १७५

राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत कर्नाटकातल्या खानापूरच्या आमदाराच्या मताचं मूल्य १३१ असतं, तर सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या चंदगडच्या आमदाराचं १७५. हिशेब सरळ आहे : राज्याची १९७१ची लोकसंख्या भागिले विधानसभेच्या जागा, आणि त्याला पुन्हा हजारानं भागायचं. कर्नाटकचे २२४ आमदार, म्हणून एकूण मूल्य २९,३४४. त्यात बेळगाव जिल्ह्याच्या १८ जागांचा वाटा २,३५८. पन्नास वर्षांपूर्वीचे आकडे आजही धरायचे, हे मला पटत नाही. पण २०२६नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत घटनेनंच ते गोठवलेत.

विधान परिषदेचे आमदार यात मतदार नसतात. अनेकांचा इथेच घोळ होतो.

आमदारांची मतपत्रिका गुलाबी, खासदारांची हिरवी. पेन आयोगानं दिलेलंच वापरायचं, जांभळ्या शाईचं. नावासमोर पसंतीचा क्रम आकड्यातच लिहायचा. मराठी किंवा कानडी अंकही चालतो, अक्षरी 'एक' चालत नाही. पहिली पसंती दिलीच नाही, दोघांना दिली किंवा सही ठोकली, तर मत बाद, आणि एका फटक्यात १३१ मूल्य वाया. पक्षाला व्हिप काढता येत नाही, त्यामुळे क्रॉस व्होटिंग केलं म्हणून आमदारकी जात नाही.